सहाजणींना ठाऊक होतं

लंबूचे हात तिच्या आईला कधीच आवडले नाहीत. "पोरीचे हात आहेत की फावडी?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची आणि लंबू ते पाठीमागे लपवायची. दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, मात्र त्याच हातांचा भलता अभिमान. घरामागच्या बोळात तो चेंडू मारायचा, ती अडवायची, आणि दहातले आठ अडवल्याशिवाय तो तिला जेवायला आत सोडायचा नाही. सतराव्या वर्षी ती बाटल्यांच्या कारखान्यात लागली. मुकादमाने नाव-वय विचारण्याआधी तिचे हात बघितले आणि म्हणाला, "तपासणीवर बस."

तपासणी म्हणजे एका उजळ पडद्यासमोर स्टुलावर बसायचं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मिनिटाला साठ-सत्तर. एखादीत बुडबुडा, एखादीला केसाएवढी चीर, एखादीची मानच वाकडी. दिसली की उचलायची आणि बाजूच्या डब्यात टाकायची. नव्या मुलींच्या डोळ्यांना तासाभरात धार लागायची. लंबूचा हात मात्र डोळ्यांच्याही आधी जायचा.

कारखान्याचा बायकांचा हँडबॉलचा संघ होता. तिथे तिला गोलमध्ये उभी केली नसती तरच नवल. तेव्हा त्या भागात हा खेळ अजून गवतावर, फुटबॉलच्या मैदानावर, अकरा-अकरा जणी खेळायच्या. बाहेरच्या जगात त्याचे दिवस भरले होते. बायकांची अकराजणींची पहिली जागतिक स्पर्धा १९४९ साली झाली आणि १९६० सालची तिसरी ही शेवटचीच ठरली. १९५७ पासून सातजणींच्या, छपराखालच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या होत्या, पण कारखान्यापर्यंत ही बातमी पोचायला दहा वर्षं लागली. फुटबॉलच्या अवाढव्य गोलात लंबू वाऱ्यावर सोडल्यासारखी उभी असायची. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा नव्या गोलात ती पहिल्यांदा गेली तेव्हा दोन्ही हात पसरून हसली.

"हे तर माझ्याच मापाचं शिवलंय!"

त्या हसण्याला साथ दिली ती भिंगरीने. भिंगरी कारखान्याच्या बांधणी खात्यात, बाटल्या खोक्यांत भरायच्या कामावर होती. उंचीने लंबूच्या काखेएवढी, पण पायाला चाकं. संरक्षणात ती नेहमी लंबूच्या उजव्या हाताला. दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नसे. लंबू नुसतं "घे" म्हणायची आणि भिंगरी पोचलेली असायची. डबा एकत्र, घरी जाणं एकत्र. आई म्हणायची, "ही जोडी म्हणजे शिडी आणि स्टूल."

पुढे राष्ट्रीय महासंघाने सातजणींचा संघ उभा केला आणि दोघींना बोलावलं. प्रशिक्षकाला सगळ्या नुसतं 'सर' म्हणत. पोट आत घेऊन चालणारा, शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आल्यासारखा माणूस. शिव्या देत नसे. नाराज झाला की आवाज आणखी मऊ व्हायचा, आणि तो मऊ आवाज ऐकला की मुलींना कापरं भरायचं. संघात आणखी एक होती, कात्री. तिची जीभ कुणालाही सोडत नसे. लंबूला ती म्हणायची, "बाई, एवढं जीव तोडून उड्या मारू नकोस, गोल काय तुझ्या बापाचा आहे?" लंबूला ती अजिबात आवडायची नाही.

ऑलिंपिकमध्ये बायकांचा हँडबॉल पहिल्यांदा आला तो १९७६ साली. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ऑलिंपिक त्यांच्या आवाक्याबाहेरचंच होतं, पण वारं सगळीकडे लागलं होतं. शेजारच्या चार देशांनी मिळून एक स्पर्धा ठेवली. पहिले दोन संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. सामने लंबूच्याच शहरात, धान्याच्या जुन्या गोदामाला फळ्या ठोकून केलेल्या हॉलमध्ये.

पहिले दोन सामने त्यांनी दणदणीत जिंकले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लंबूचा फोटो आला, खाली लिहिलं होतं 'भिंत'. मुकादमाने तो कापून तपासणीच्या पडद्याशेजारी डकवला. तिसरा आणि शेवटचा सामना हरला तरी त्यांचं पुढे जाणं पक्कं होतं. गोलांचा हिशोबच तसा होता. समोरच्या संघाची गोष्ट वेगळी. त्यांना पुढे जायचं तर नऊ गोलांनी जिंकावं लागणार होतं. तसं कोण जिंकतं? लोक गंमत बघायला आले होते. कारखान्याचे चाळीसजण, दादा पहिल्या रांगेत.

पहिल्या पंचवीस मिनिटांत पाच-सात अशी दोन गोलांची पिछाडी होती. काळजीचं काही नव्हतं. दुसऱ्या डावात मात्र लंबूला कळेना की काय चाललंय. समोरच्या मुली रेषेपर्यंत मोकळ्या येऊ लागल्या. ती "डावीकडे! डावीकडे!" ओरडायची आणि डावीकडे कुणी नसायचं. आपल्या मुलींचे चेंडू हातातून निसटत होते. एक अडवला की दुसरा, दुसरा अडवला की तिसरा. समोरच्यांचे चौदा झाले तेव्हा ती रेषेजवळ येऊन सरांना म्हणाली, "सर, मला बदला. आज माझं काहीतरी बिनसलंय."

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उभी राहा. तू उत्तम खेळतेयस."

सतरा-नऊ झाले. शेवटचं मिनिट. पंचाने सात मीटरवरून थेट फेक दिली. समोरच्या उंच मुलीने हात मागे नेला आणि लंबूचा पाय आपोआप वर गेला. चेंडू नडगीवर आदळून उजवीकडे पडला, भिंगरीपासून दोन हातांवर.

"घे!" लंबू ओरडली.

भिंगरी हलली नाही. दोन्ही हात अंगालगत सोडून ती उभी राहिली. समोरच्या संघातल्या दुसऱ्या एका मुलीने चेंडू उचलला आणि सावकाश, जवळजवळ ठेवल्यासारखा, गोलात टाकला. अठरा-नऊ. बरोबर नऊ.

आत खोलीत भिंगरी बाकावर डोकं खाली घालून बसली होती. "पाय मुरगळला होता गं," एवढंच ती म्हणाली. महासंघाचा एक अधिकारी आत येऊन विचारू लागला की शेवटच्या गोलाला उजवीकडे कोण होतं. लंबू पुढे झाली. "माझी चूक साहेब. चेंडू मीच चुकीच्या बाजूला ढकलला." मैत्रिणीला कुणी बोल लावलेला तिला सोसला नसता. भिंगरीने तेव्हाही मान वर केली नाही. लंबूला वाटलं, लाजली बिचारी.

चोवीस तासांत भिंतीची चाळणी झाली. वर्तमानपत्राने तसंच लिहिलं. कारखान्यात कुणीतरी पडद्याशेजारचा फोटो काढून तिथे खरीखुरी पीठ चाळायची चाळणी टांगली. लोक हसले, लंबूही हसली, न हसून सांगते कुणाला? एका ट्रकवाल्याने फाटकाशी हाक मारली, "काय चाळणीबाई!" तेव्हा दादाने त्याचं नाक फोडलं आणि त्यापायी कामावरून आठ दिवस घरी बसला. पण त्या सामन्याबद्दल दादा तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. पुढल्या स्पर्धेचा संघ जाहीर झाला तेव्हा गोलमध्ये राखीव मुलगी होती. सरांनी लंबूला बोलावून समजावलं, "लोकांचा विश्वास उडाला आहे बाळ. मी काय करू?" ती त्यांचे आभार मानून बाहेर आली. आभार! हे आठवलं की पुढे तिला स्वतःचीच चीड यायची.

भिंगरी त्या स्पर्धेला गेली, परत आली आणि वर्षाने दादाशी लग्न करून घरातच आली. आता ती वहिनी झाली. लंबूला आनंद झाला. मैत्रीण चालत घरात आली, आणखी काय हवं? लंबूचं लग्न मात्र राहूनच गेलं. घर दुमजली. वर दादा-वहिनी आणि त्यांच्या दोन मुली, खाली लंबू. मुलींच्या वेण्या, शाळा, तापपाणी, सगळ्यात आत्याचे ते फावड्यासारखे हात असायचेच. वहिनी आजारी पडली तेव्हा लंबूने तिला तीन महिने उचलून न्हायला घातलं. वहिनी कधीकधी विनाकारण तिच्याकडे टक लावून बघायची. "काय गं?" विचारलं की म्हणायची, "काही नाही, थकलेली दिसतेस."

मधल्या काळात त्यांच्या देशाला त्यानंतरची मोठी स्पर्धा भरवायचा मान मिळाला, त्यासाठी चकचकीत हॉल उभा राहिला, सर महासंघाचे सचिव झाले, म्हातारे झाले, वारले. हॉलला त्यांचं नाव दिलं. लंबू निवृत्त झाली. तीन वर्षांपूर्वी दादाही गेला. घरात खाली एक म्हातारी, वर एक म्हातारी.

अशात एक दिवस दुपारी एका शाळेतल्या खेळाच्या बाई लंबूकडे आल्या. तिशीच्या असतील. महासंघाला पन्नास वर्षं होणार म्हणून बायकांच्या हँडबॉलचा इतिहास मांडायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. त्या महिनाभर जुन्या खेळाडूंकडे फिरत होत्या, वहिनीकडे चार वेळा येऊन गेल्या होत्या. हातात टाइप केलेले कागद.

"मावशी, फक्त तारखा आणि आकडे तपासून द्या. त्या शेवटच्या सामन्याचं तुमच्या वहिनींनी सगळं मोकळेपणाने सांगितलंय. तुम्हाला तर ते माहीतच असेल."

लंबूने चष्मा लावला. वाचताना तिचं बोट ओळीखाली सरकत होतं, एका ठिकाणी ते थांबलं. तिथे लिहिलं होतं की सामना ठरवून सोडला होता. समोरच्या संघाला नऊ गोलांनी जिंकू द्यायचं, बदल्यात त्यांच्या महासंघाने त्यानंतरच्या मोठ्या स्पर्धेच्या यजमानपदासाठी आपल्याला मत द्यायचं. सरांनी आदल्या संध्याकाळी सहाजणींना बोलावून सांगितलं आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी संघाचा शर्ट परत करावा असंही सांगितलं. आणि गोलरक्षक मुलीला सांगायचं नाही, असं बजावलं. 'ती जीव तोडून खेळली की हार खरी वाटेल.'

लंबूने ते वाक्य तीनदा वाचलं. मग पान खाली ठेवून म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. अठरा-नऊ."

बाईंच्या लक्षात आलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी… तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पाणी देऊ तुला?" लंबू म्हणाली.

बाई गेल्यावर ती जिना चढून वर गेली. गुडघ्यांमुळे ती हल्ली वर फारशी जात नसे. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. लंबूच्या हातातले कागद पाहिले आणि तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"पाय मुरगळला होता ना गं?" लंबूने विचारलं.

वहिनी खुर्चीवर बसली. "मी तुला सांगणारच होते."

"कधी? त्या पोरीला चार भेटींत सांगितलंस. मी चाळीस वर्षांहून जास्त तुझ्याच जिन्याखाली राहते."

"परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. तुला सांगायला तोंड उघडलं की तू काहीतरी चांगलं करायचीस. कधी औषध आणायचीस, कधी पोरींना न्यायचीस. मग कसं सांगू?"

"म्हणजे चूक माझीच."

"तसं नाही गं. मी पंचवीस वर्षांची होते. सर म्हणाले शर्ट परत दे. मला जायचं होतं. मला फक्त ते विमान, तो परदेश… आणि मला वाटलं, एक सामना तर आहे. तुला संघातून काढतील हे त्यांनी सांगितलं नव्हतं."

"काढल्यावर तरी बोलायचं."

वहिनी फडक्याची घडी घालत राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "ह्यांना सांगितलं होतं. लग्नाच्या आधीच. म्हटलं, हे ऐकून नको म्हणालात तर म्हणा. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लंबूला सांगू नकोस. तिला माणसांवर विश्वास ठेवायची सवय आहे, ती मोडेल."

लंबूने भिंतीला हात टेकला. वहिनीचं एक वेळ तिने कसंबसं गिळलं असतं. पण दादा! बोळात चेंडू मारणारा दादा, पहिल्या रांगेतला दादा. त्याने त्या ट्रकवाल्याचं नाक फोडलं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर तीस वर्षांहून जास्त तो रोज सकाळी जिना उतरताना "काय लंबू, झोप लागली का?" असं विचारून कामावर गेला. त्याच्याशी आता भांडायचीही सोय नव्हती. मेलेल्या माणसाची कॉलर कोण धरणार?

ती खाली आली. दोन दिवस तिने दाराला कडी लावून ठेवली. वहिनीने जिन्यावर डबा ठेवला, तो तसाच परत गेला.

महासंघाचा सोहळा पुढच्या महिन्यात त्याच चकचकीत हॉलमध्ये झाला. लंबू जाणार नव्हती, पण खेळाच्या बाई स्वतः न्यायला आल्या. वाटेत त्या एकदम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला आधीच सांगते. ते पान मी लिहिलं होतं. त्यांनी काढलं. म्हणाले, हॉलला ज्यांचं नाव आहे त्यांच्यावर शिंतोडे नकोत. मी भांडले, खरंच भांडले."

भिंतीवर मोठमोठे फलक लावले होते. १९४९ ची स्पर्धा, १९५७ ची स्पर्धा, ऑलिंपिक, नव्या हॉलची पायाभरणी. त्यांच्या सामन्यावर दोन ओळी होत्या: 'अखेरच्या लढतीत ९-१८ असा पराभव. गोलरक्षणातील ढिसाळपणा भोवला.' लंबूने त्या वाचल्या. बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

जुन्या संघाला मंचावर बोलावलं. सहाजणींपैकी एक वारली होती, पाचजणी होत्या. वहिनी, कात्री आणि आणखी तिघी, कुणी काठी घेऊन, कुणी नातीचा हात धरून. शेवटी लंबूचं नाव पुकारलं. ती चढली. अध्यक्षांनी पदक पुढे केलं. तिने ते घेतलं नाही, माइकच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिला भाषण करता येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

"मला ह्या पाचजणींना एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी सामना सोडायचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

अध्यक्ष "अहो ताई, आजच्या दिवशी…" करत पुढे आले. लंबू जागची हलली नाही. काठीवालीने काठीकडे बघितलं. दुसरी म्हणाली, फार जुनं झालं. तिसरीने नातीला जवळ ओढलं. लंबूने वहिनीकडे पाहिलं. तिने बाईंना सगळं सांगितलेलं होतं, ते टाइपही झालं होतं. तिला फक्त एक शब्द म्हणायचा होता.

वहिनीच्या दोन्ही मुली समोर बसल्या होत्या, जावई, नातवंडं. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे हात अंगालगत सैल पडले होते.

"मला… नाही आठवत," ती म्हणाली.

मग कुणीतरी खाकरलं. कात्री होती. वय झालं तरी जिभेची धार तीच. "मला आठवतं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. हिला सोडून. हिला चाळणी म्हणणाऱ्यांत मीही होते, कारण तसं म्हटलं की आपल्याला झोप लागायची. ते फलकावरचं वाक्य खोटं आहे, काढा ते." आणि लंबूकडे वळून, "मी तुझी माफी मागत नाही. मागून काय उपयोग? पण खरं ते खरं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा कार्यक्रम पुकारला. फलक तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळींवर कुणीतरी पांढरा कागद चिकटवला, एवढंच. खेळाच्या बाईंनी ते काढलेलं पान स्वतःच्या शाळेच्या वार्षिक अंकात छापलं. किती जणांनी वाचलं, देव जाणे.

लंबूने महिन्याभरात घर सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. भाच्या रडल्या, "आत्या, आमचा काय दोष?" ती म्हणाली, "काहीच नाही. तुम्ही येत जा." शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिठाच्या गिरणीवर, तिने एक खोली घेतली. दिवसभर खालून जमीन थरथरते, पण ऊन चांगलं येतं. कात्री तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दोघी अधूनमधून एकत्र बसतात आणि बहुतेक वेळ भांडतात.

वर्षभराने एका सकाळी वहिनी आली. पत्ता मुलींकडून घेतला असावा. जिना चढून धापा टाकत होती. लंबूने तिला खुर्ची दिली, चहा टाकला. वहिनीने कप हातात घेतला.

"मला आठवत होतं," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे."

"पोरींसमोर तोंडातून निघेना."

"तेही माहीत आहे."

चहा संपला. वहिनी उठली, पण जिन्याशी जाऊन थांबली. उतरायची तिला भीती वाटत होती. लंबूने तिचा हात धरला, एकेक पायरी करत तिला खाली नेलं, रस्ता ओलांडून दिला आणि रिक्षात बसवलं. गुडघ्यावर पदर नीट करत वहिनी सवयीने म्हणाली, "बरं, येते हं."

यावर "ये" म्हणायचं असतं. लंबू काही बोलली नाही. रिक्षा वळेपर्यंत ती कडेला उभी राहिली आणि मग वर निघून आली.